आतड्यातील जिवाणू, मधुमेह आणि स्मरणशक्ती : आहाराने नेमके किती साधते?

कृष्णाकाठ

माझ्या आईचे वय ७१ आहे आणि गेली चौदा वर्षे तिला मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात तिच्या हातच्या आमटीत कधी दोनदा मीठ पडते, तर कधी पडतच नाही, आणि जिने आयुष्यभर वाण्याची उधारी तोंडी सांभाळली तिला सकाळची गोळी घेतली की राहिली, हे दहा वाजता सांगता येत नाही. याच सुमारास एका नातेवाइकांनी एक चित्रफीत पाठवली. मधुमेह आणि विस्मरण हे दोन्ही आतड्यातल्या जिवाणूंचेच खेळ असून अमुक कॅप्सूल तीन महिने घेतल्या की दोन्ही जातील, असे तीत ठासून सांगितले होते. मी अठ्ठावीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे जिवाणूंच्या नावाने कोणी काहीही खपवू लागले की मला राहवत नाही. दोन महिने मूळ शोधनिबंध वाचून जे हाती लागले ते या चर्चेच्या पानावर मांडतो. चुकत असेल तिथे खुशाल कान धरावा.

अन्नातले पिष्ट, साखर, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचा बहुतेक भाग लहान आतड्यातच शोषला जातो. चोथा मात्र आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जिवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपियोनेट व ब्युटिरेट ही आखूड साखळीची मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे आणि त्याच्या पुरवठ्यावर त्या अस्तराची वीण घट्ट राहणे बरेचसे अवलंबून असते. ही मेदाम्ले अस्तरातल्या एल पेशींवरील ग्राहींना चिकटली की त्या पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक सोडतात, आणि ते इन्शुलिन वाढवते, भूक आवरते. वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांमुळे हल्ली घरोघरी माहीत झालेले सेमाग्लुटाइड याच संप्रेरकाची नक्कल आहे. मात्र शरीरातले जीएलपी-१ काही मिनिटांत नष्ट होते आणि इंजेक्शनातले आठवडाभर टिकते, तेव्हा ‘भाकरी खा, इंजेक्शन विसरा’ असे कोणी म्हणू लागले तर त्याच्याकडे आधी हा हिशेब मागावा.

आता पुराव्याकडे वळतो. चीनमध्ये २०१२ साली ३४५ जणांच्या शौचाच्या नमुन्यांतील जनुके वाचली गेली, तेव्हा मधुमेहींमध्ये ब्युटिरेट बनवणारे जिवाणू कमी दिसले. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ स्त्रियांमध्ये साधारण तसेच चित्र दिसले, पण दोन्हीकडच्या जिवाणूंच्या याद्या जुळेनात. हे कोडे २०१५ साली काही अंशी उलगडले. ७८४ जणांचे नमुने एकत्र करून पाहिल्यावर असे दिसले की मधुमेहाची म्हणून जी खूण आपण वाचत होतो त्यातली बरीचशी मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीची होती. चाचणीला आलेले बरेच रुग्ण ती गोळी घेत होते आणि ती गोळी स्वतःच आतड्यातल्या जिवाणूंची वस्ती बदलते. गोळी न घेणारे रुग्ण वेगळे काढल्यावरही ब्युटिरेटवाल्यांची तूट उरलीच, परंतु चित्र पुष्कळ फिकट झाले. कारण आणि सोबती यांच्यात गल्लत कशी होते हे वर्गात सांगायला यापेक्षा चांगले उदाहरण मला अख्ख्या नोकरीत मिळाले नव्हते.

त्याहून गमतीचा भाग पुढे आहे. गोथेनबर्गच्या गटाने २०१७ साली मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे शौचातील जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले, तेव्हा त्या उंदरांची साखर पचवण्याची क्षमता सुधारली. म्हणजे या जुन्या गोळीच्या गुणातला काही वाटा जिवाणूंमार्फत येत असावा.

माणसांवर थेट प्रयोग झाले आहेत, पण ते लहान आहेत. ॲमस्टरडॅममध्ये २०१२ साली सडपातळ दात्यांचे जिवाणू स्थूल पुरुषांच्या आतड्यात घातले आणि सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारलेला दिसला. त्याच गटाने २०१७ साली अधिक लोक घेऊन पाहिले, तेव्हा अठराव्या आठवड्यापर्यंत तो फायदा ओसरून गेला होता. पाहुणे आले, चार दिवस राहिले आणि परतले, कारण यजमानाघरचा स्वयंपाक बदलला नव्हता. निदान मी तरी त्याचा अर्थ असा लावतो.

स्वयंपाक बदलण्याचा प्रयोग शांघायमध्ये झाला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४३ मधुमेही होते. दोन्ही गटांना अकार्बोज ही मधुमेहावरची गोळी दिली होती, पण एका गटाला कडधान्ये, अख्खी धान्ये आणि निरनिराळे तंतुमय पदार्थ यांनी भरलेला आहार दिला. बारा आठवड्यांनी त्या गटाचे एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा आकडा) दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरले, आणि ज्यांच्या आतड्यात मेदाम्ले बनवणाऱ्या ठरावीक पंधरा वाणांनी बस्तान बसवले त्यांना गुण अधिक आला. हातात जे आहे त्यातला मला सर्वांत भरवशाचा वाटलेला धागा हा आहे, आणि तरीही तो ४३ माणसांचाच आहे हे विसरून चालणार नाही.

मेंदूविषयी माझे वाचन तोकडे आहे. ते येथील जाणकारांनी पुरे करावे.

उंबरठा

लेख आवडला. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात असे आम्ही शाळेत शिकलो. ते खरे मानायचे का?

कृष्णाकाठ

नाही, आणि हे मीही वर्षानुवर्षे चुकीचे शिकवले. २०१६ साली तो हिशेब नव्याने मांडला गेला. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, म्हणजे सामना जवळजवळ बरोबरीचा आहे. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्यांनी वहीत दुरुस्ती करावी.

निळीशाई

मी तालुक्याच्या गावी वीस वर्षे दवाखाना चालवते. सर, जिवाणूंच्या चर्चेत पुढे जाण्याआधी आईंची एक तपासणी करून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. ती म्हणजे रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची.

आपण लिहिलेल्या तीन गोष्टी मी एकत्र वाचते आहे : चौदा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन (आपण स्पष्ट लिहिले नाही, पण बहुधा तीच असावी) आणि वर्षभरात वाढलेला विसराळूपणा. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२चे शोषण घटते. आई शाकाहारी असतील तर आवक मुळातच कमी असते. बी-१२च्या तुटीने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, स्मरणशक्ती मंदावते, आणि पायांच्या मुंग्या मधुमेहामुळेच आहेत असे धरून कोणी पुढे तपासत नाही. माझ्याकडे असे रुग्ण महिन्याला दोन-तीन तरी येतात.

गंमत अशी की बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गात फक्त सूक्ष्मजीवच बनवतात आणि आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनते, पण आपण ते शोषतो लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. प्रवाह खाली वाहतो, वर चढत नाही, त्यामुळे घरातच पिकणारा हा माल आपल्या कामी येत नाही. तो दूध, दही, अंडी, मासे, मांस किंवा गोळी यांतूनच घ्यावा लागतो.

ही बाब महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला आहे. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांचे बी-१२ कमी निघाले, आणि ज्या मातांचे फोलेट (हेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त पण बी-१२ कमी होते त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत जास्त विरोध आढळला. वजन कमी पण अंगात चरबी जास्त, या आपल्याकडच्या ठेवणीकडे जगाचे लक्ष वेधणारेही हेच डॉक्टर. त्यांनी स्वतःचे आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी ठेवले होते. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के. जास्तीची चरबी अर्थातच पुणेकराची.

शिवाय थायरॉइड, झोप, कानांनी कमी ऐकू येणे आणि साखर अचानक उतरणे, हेही पाहून घ्या. म्हाताऱ्या माणसात रात्री साखर उतरली तर सकाळी ते गोंधळलेले दिसते आणि घरचे त्याला विसराळूपणा म्हणतात.

सांजदिवा

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, म्हणून मेंदूची बाजू मांडण्याचा प्रयत्न करते.

आतडे आणि मेंदू यांच्यात बोलाचाली आहे यात आता शंका उरलेली नाही. जपानमधील क्यूशू विद्यापीठात २००४ साली असे दिसले की पूर्ण निर्जंतुक वाढवलेले उंदीर कोंडून ठेवले असता त्यांच्यात तणावाच्या संप्रेरकांची उसळी नेहमीपेक्षा जास्त येते आणि लहानपणीच एक विशिष्ट जिवाणू दिला तर ती आटोक्यात येते. आयर्लंडच्या गटाने २०११ साली लॅक्टोबॅसिलसचा एक वाण देऊन उंदरांची भीती कमी केली, पण त्यांच्या पोटाकडे जाणारी व्हेगस ही चेता आधीच कापली असता तो परिणाम दिसलाच नाही. म्हणजे निदान त्या प्रयोगात निरोप तारेवरून गेला होता, रक्तातून नव्हे.

पार्किन्सनच्या बाबतीत ही तार जास्तच लक्षवेधी ठरते. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून अनेक रुग्णांना बद्धकोष्ठ असते. पूर्वी जठरव्रणासाठी ही चेता कापण्याची शस्त्रक्रिया करीत असत. डेन्मार्कमधल्या नोंदी २०१५ साली तपासल्या, तेव्हा तिचा मुख्य सोट कापलेल्यांमध्ये हा आजार कमी आढळला. स्वीडनमधील नंतरच्या अभ्यासात तो फरक तितका स्पष्ट राहिला नाही, म्हणून मी यावर फार मोठा इमला बांधणार नाही.

एक गैरसमज मात्र खोडून काढते. ‘शरीरातले नव्वद टक्के सिरोटोनिन आतड्यात बनते, म्हणून पोट साफ तर मन आनंदी’ हे वाक्य सगळीकडे फिरते. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. पण आतड्यातले सिरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले सिरोटोनिन स्वतः बनवतो. आतड्यातल्या सिरोटोनिनचे काम मुख्यतः आतडे हलते ठेवण्याचे आहे.

आता विस्मरण. मधुमेहामुळे स्मृतिभ्रंशाची शक्यता वाढते हे पक्के आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे मांडली त्यांत मधुमेह आहे, तसा रक्तदाब, बहिरेपणा आणि एकटेपणाही आहे. जास्त साखरेने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. शिवाय इन्शुलिनचा निचरा करणारे विकर अमायलॉइडचाही (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचाही) निचरा करते, त्यामुळे इन्शुलिन चढे राहिले तर अमायलॉइड मागे राहतो, अशी एक उपपत्ती आहे. अल्झायमरला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणण्याची टूम २००५ पासून आहे. तसे निदान मात्र कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर येत नाही.

आहाराने हे थोपते का? फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १२६० जणांवर दोन वर्षे केलेल्या प्रयोगात आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सगळे एकत्र केल्यावर विचारशक्ती थोडी सरस राहिली. नुसता आहार वेगळा काढून अमेरिकेत ६०४ जणांवर तीन वर्षे पाहिले, तेव्हा २०२३ साली निकाल आला की मेंदूसाठी खास आखलेला आहार आणि साधा, थोडा कमी खाण्याचा आहार यांत ठळक फरक नाही. तीन वर्षे ही विस्मरणाच्या आजाराच्या मानाने फार थोडी आहेत असे म्हणता येईल, आणि मला तसे वाटतेही. पण निकाल तो निकालच.

हडसनतीर

मी न्यू जर्सीत राहतो. दोन वर्षांपूर्वी साखर सीमेवर आली तेव्हा घाबरून मी एका कंपनीकडे शौचाचा नमुना पाठवला. उत्तरादाखल अठ्ठेचाळीस पानांचा रंगीत अहवाल आला. त्यात माझ्या जिवाणूंना शंभरपैकी ४१ गुण दिले होते आणि वांगी, मसूर व चवळी ‘माझ्यासाठी वर्ज्य’ ठरवली होती. त्याच पानाच्या तळाशी त्यांच्याच पावडरीची जाहिरात होती. तीन आठवड्यांनी, आहारात काही न बदलता, दुसऱ्या एका ठिकाणी नमुना पाठवला, तर तिथे ७३ गुण मिळाले. पदवी परीक्षेतसुद्धा माझी इतकी प्रगती झाली नव्हती. अशा चाचण्यांना काही अर्थ आहे का?

कृष्णाकाठ

संशोधनाला आहे, आपल्या ताटाला सध्या नाही. निरोगी आतड्याची एकच ठरलेली यादी अस्तित्वात नाही, मग गुण कशावरून देणार? भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंची वस्ती मोठी असते, असे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने दाखवले आहे. धान्य आणि कडधान्य खाणाऱ्या लोकांत प्रिव्होटेला वाढतेच. पाश्चात्त्यांच्या सरासरीवर आपला नमुना तोलला तर आपण नापास होणार हे ठरलेलेच आहे, आणि त्यात आपल्या आतड्याचा काही दोष नाही.

मात्र एकच पदार्थ दोन माणसांत वेगवेगळी साखर चढवतो हे खरे आहे. इस्राएलच्या वाइझमान संस्थेने २०१५ साली ८०० जणांची सुमारे ४७ हजार जेवणे साखरमापकाने तपासून ते दाखवले. ते कळायला आपल्याला शौचाचा नमुना कशाला हवा? घरचा ग्लुकोमीटर पुरतो.

पेडणेकरीण

आमच्या गोव्यात आंबवलेले पदार्थ भरपूर आहेत, तेव्हा सुरेवर फुगवलेल्या सान्नांमुळे आमची आतडी ठणठणीत असायला हवीत, असा माझा समज होता. तो बरोबर आहे का? आणि सरांचे नातेवाईक सांगतात तशी जिवाणूंची कॅप्सूल घ्यावी का?

कृष्णाकाठ

ताई, सान्ना, इडली, आंबोळी हे सगळे चुलीवर चढते, आणि त्या वाफेत व तव्यावर जिवाणू मरतात. आंबवल्याने पदार्थ हलका होतो, चव येते, काही जीवनसत्त्वे वाढतात, हे फायदे राहतात, पण जिवंत जिवाणू पोटात जात नाहीत. कढीचेही तेच. ताक उकळी येईपर्यंत जिवंत असते, उकळी आली की ते फक्त चवदार राहते. जिवंत हवे असतील तर घरच्या विरजणाचे दही, ताजे ताक, किंवा शिजवलेली नाचणीची आंबील गार झाल्यावर तीत ताक घालून.

स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी माणसांचे दोन गट करून एका गटाला दहा आठवडे असे पदार्थ भरपूर दिले, तेव्हा त्या गटाच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहाच्या खुणा उतरल्या. नुसता चोथा वाढवलेल्या दुसऱ्या गटात विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. ते मधुमेही नव्हते, आणि आपले दोन वाट्या ताक त्यांच्या मात्रेच्या जवळपासही जात नाही.

कॅप्सूलबद्दल सांगायचे तर बेल्जियममध्ये २०१९ साली अक्करमान्सिया हा जिवाणू तीन महिने देऊन पाहिला. ३२ जणांनी प्रयोग पुरा केला. इन्शुलिनचा प्रतिसाद सुधारला तो उष्णता देऊन मारलेल्या जिवाणूंनी; जिवंतांनी फारसे काही केले नाही. म्हणून वरच्या परिच्छेदातला माझा जिवंतपणाचा आग्रहसुद्धा जरा बेतानेच घ्यावा.

काळीमाती

आम्ही सोलापूरकडचे, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलो. गहू सोडून ज्वारी धरली की साखर उतरते असे सगळे सांगतात. भाकरीत चोथा किती जास्त असतो?

निळीशाई

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत पाहाल तर चकित व्हाल. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा आहे, आणि न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही ११ ग्रॅमच्या आसपास. बाजरी आणि नाचणी तिथेच कुठेतरी. पांढरा तांदूळ ३ ग्रॅमच्या खाली. खरी उडी कडधान्यांत आहे : मटकीत सुमारे १५ आणि अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५.

म्हणजे चाळलेल्या पिठाची पोळी सोडून भाकरी खाल्ली तर फायदा आहे, कोंड्यासकट पोळी सोडून भाकरी धरली तर फार नाही. माझ्या रुग्णांत मला दिसते ते असे की भाकरी आली म्हणून दोनाच्या तीन होतात आणि उसळ आमटीच्या वाटीएवढीच राहते. भाकरी एकाने कमी करून उसळ दुप्पट करा. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला रोजचा २५ ग्रॅम चोथा त्यातून सहज भरतो. एकदम वाढवू नका, नाहीतर पोट फुगते आणि माणूस आठवड्यात उसळ सोडतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ

तीन आठवड्यांनी परत आलो आहे. निळीशाई ताई, आपला नेम अचूक बसला. आईचे बी-१२ १४८ निघाले, प्रयोगशाळेची खालची मर्यादा २११ आहे. औषध मेटफॉर्मिनच. गेल्या चौदा वर्षांत ही तपासणी एकदाही कोणी सांगितली नव्हती, आणि सूक्ष्मजीवशास्त्राचा मास्तर असून मलाही ती सुचली नव्हती, याची खंत जास्त आहे.

घरी एक प्रयोग केला. सोमवारी आईने नेहमीच्या क्रमाने, आधी आमटी-भात, मग अर्धी भाकरी आणि शेवटी मटकीची उसळ व काकडीची कोशिंबीर, असे जेवण केले. दोन तासांनी साखर २१४. मंगळवारी तेवढेच जिन्नस, पण आधी काकडीची कोशिंबीर आणि मटकीची उसळ, मग अर्धी भाकरी, आणि आमटी-भात सर्वांत शेवटी. साखर १७२. बुधवारी पुन्हा पहिला क्रम, साखर २०५. गुरुवारी दुसरा, १८०. चार दिवसांचा हिशेब शास्त्र म्हणून कोणापुढे ठेवणार नाही. शिवाय यात जिवाणूंचा हात असण्याचे कारण नाही, कारण ते इतक्या लवकर कामाला लागत नाहीत. हा पोट हळू रिकामे होण्याचा खेळ आहे. आईने मात्र ते चारही आकडे कालनिर्णयच्या त्या-त्या चौकटीत स्वतः लिहिले आहेत, आणि भात शेवटी खायचा म्हणजे पोटभर खाता येत नाही अशी तिची रीतसर तक्रार आहे.

नातेवाइकांच्या कॅप्सूल आलेल्या आहेत. त्या तशाच कपाटात आहेत.

निळीशाई

बी-१२ची इंजेक्शने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा, मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नका, आणि तीन महिन्यांनी एचबीए१सीसोबत बी-१२ पुन्हा तपासा. विसराळूपणा किती ओसरेल हे आज सांगता येणार नाही. तूट किती काळ होती यावर ते अवलंबून असते, आणि काही वेळा कारण दुसरेच निघते. त्याच भेटीत स्मरणशक्तीची साधी चाचणी लिहून ठेवायला सांगा, म्हणजे सहा महिन्यांनी ताडून पाहायला काहीतरी हातात असेल. गोळ्यांसाठी सात कप्प्यांची डबी मिळते, ती आजच आणा.